केराटोकोनस: डोळ्यात बसवलेली 'रिंग' काय करते आणि काय करत नाही?

रात्रीची वेळ आहे. तुम्ही गाडीवर आहात आणि समोरून एक बाईक येतेय. तिला दिवा एकच आहे, पण तुम्हाला तीन-चार दिसतात, एकाखाली एक, ओघळल्यासारखे. सिग्नलच्या लाल दिव्याला शेपटी फुटलेली दिसते. मोबाईलवर काळ्या स्क्रीनवरच्या पांढऱ्या अक्षरांमागे सावली दिसते. चष्मा तर सहा महिन्यांपूर्वीच बदललाय.

चष्म्याच्या दुकानात गेलात की उत्तर मिळतं, "सिलिंडरचा नंबर वाढलाय." नवीन काचा येतात. पुन्हा सहा महिन्यांनी तेच. घरचे म्हणतात, "मोबाईल कमी कर."

अशा अनेक तरुण मुलामुलींपैकी काहींच्या बाबतीत प्रकरण मोबाईलचं नसतंच. त्यांच्या डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा हळूहळू पातळ होऊन पुढे आलेला असतो. या आजाराचं नाव केराटोकोनस. निदान झालं की माणूस पहिल्यांदा फोन उघडतो, आणि तिथे त्याला एक व्हिडिओ हमखास सापडतो: डोळ्यात एक छोटीशी पारदर्शक 'रिंग' सरकवली जातेय, आणि खाली लिहिलंय की आता सगळं स्पष्ट दिसणार.

ही रिंग खरी आहे, तिचा फायदाही खरा आहे. पण व्हिडिओत अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. रिंग डोळ्याचा आकार सुधारते, आजार थांबवत नाही. हा एक फरक माहीत नसल्यामुळे नजरेची महत्त्वाची वर्षं हातातून जाऊ शकतात. म्हणून हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊया.

केराटोकोनस म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा एक पारदर्शक, घुमटाकार पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मराठीत त्याला पारपटल असाही शब्द आहे. डोळ्यात येणारा प्रकाश वळवून पडद्यावर नेमका पाडण्याचं जवळपास दोन तृतीयांश काम हा कॉर्नियाच करतो.

त्याची मधली जाडी किती असते? साधारण ५४० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्डही त्याच्यापेक्षा जाड असतं.

कॉर्निया मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. केराटोकोनसमध्ये ही वीण सैल पडते. डोळ्याच्या आत द्रवाचा दाब सतत असतोच. त्या दाबाने कमकुवत जागा पातळ होत पुढे येते आणि घुमटाचा शंकू व्हायला लागतो. 'केराटोकोनस' या शब्दातला 'कोनस' म्हणजे शंकूच.

हा शंकू बहुतेक वेळा बरोबर मध्ये नसतो, थोडा खालच्या बाजूला असतो. तोतापुरी आंबा आठवा. एका बाजूला चोच काढल्यासारखा. केराटोकोनसचा कॉर्निया काहीसा तसा होतो.

मग चष्म्याने का भागत नाही?

साधा सिलिंडर नंबर असलेल्या डोळ्याचा कॉर्निया एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी वळलेला असतो. लिंबू आणि अंडं यांच्या आकारात जो फरक असतो, तसा. पण अंड्याच्या आकाराला एक शिस्त असते. चष्म्याच्या काचेत तेवढाच उलटा वळसा दिला की हिशेब जुळतो.

तोतापुरीच्या चोचीला अशी शिस्त नसते. कॉर्नियाचा प्रत्येक भाग प्रकाशाला वेगळ्या दिशेला वळवतो. म्हणून एकाच दिव्याच्या तीन-चार प्रतिमा दिसतात. चष्म्याची काच हा वाकडेपणा पूर्ण भरून काढू शकत नाही. आजाराच्या सुरुवातीला चष्मा चालतो, पण पुढे नंबर कितीही बदलला तरी दिसणं पूर्ण सुधारत नाही.

इथे कडक कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडते. तिच्याखाली अश्रूंचा थर साचतो आणि कॉर्नियाचे उंचसखल भाग भरून निघतात. प्रकाशाला पुन्हा एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स याच तत्त्वावर चालते आणि शंकू बराच पुढे आला असला तरी अनेकांना बसते. पण प्रत्येकाला लेन्स सहन होत नाही. धूळ, ऊन, ॲलर्जी, दिवसभराचं बाहेरचं काम, यामुळे कित्येक जण लेन्स सोडून देतात. रिंगचा विचार बहुतेक वेळा इथून पुढे सुरू होतो.

हा आजार होतो कोणाला?

सुरुवात साधारणपणे वयात येताना, म्हणजे दहावी-बारावीच्या आसपास होते. पुढे विशीत आणि तिशीत तो वाढत राहू शकतो. चाळिशीच्या आसपास बहुतेकांमध्ये त्याचा वेग आपोआप मंदावतो. म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न या सगळ्यांच्या ऐन वेळी नजर बिघडत असते. वय जितकं कमी तितका तो झपाट्याने वाढण्याची शक्यता जास्त.

नेमकं कारण एकच सांगता येत नाही. काहींमध्ये आनुवंशिकता असते. ॲलर्जी असलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्येही प्रमाण जास्त असतं. आणि एक सवय या आजाराशी पुन्हा पुन्हा जोडली गेली आहे: डोळे चोळणं. ॲलर्जीने डोळे खाजतात, खाजतात म्हणून चोळले जातात, आणि आधीच कमकुवत असलेल्या पडद्यावर रोज घासपूस होत राहते.

महाराष्ट्रासाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरच्या ४,६६७ लोकांचे डोळे तपासणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के आढळलं. नेदरलँड्समध्ये २०१७ च्या एका अभ्यासात हे प्रमाण साधारण ३७५ लोकांमागे एक असं आलं होतं. दोन्हींची मोजण्याची पद्धत वेगळी होती. नागपूरच्या अभ्यासात कॉर्नियाचा वळसा ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असेल तर केराटोकोनस धरला होता, सविस्तर नकाशा काढला नव्हता. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणं योग्य नाही. पण "हा फार दुर्मिळ आजार आहे, आपल्याकडे कुठे असतो" हे म्हणणं टिकत नाही.

रिंग आली कुठून?

कॉर्नियात बाहेरची वस्तू घालून त्याचा आकार बदलायचा, ही कल्पना जुनी आहे. मूळचे स्पेनचे आणि कोलंबियात काम केलेले नेत्रतज्ज्ञ होसे बाराकेर यांनी १९४९ च्या सुमारास असे प्रयोग सुरू केले. त्यातून एक साधा नियम पुढे आला: कॉर्नियाच्या कडेला भर घातली की मधला भाग सपाट होतो.

गंमत म्हणजे आजची रिंग आधी केराटोकोनससाठी बाजारात आलीच नव्हती. 'इंटॅक्स' या नावाच्या रिंगला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, १९९९ मध्ये परवानगी दिली ती चष्म्याचा लहानसा मायनस नंबर घालवण्यासाठी. उणे १ ते उणे ३ पर्यंतचा. नको वाटलं तर काढून टाकता येते, ही तिची मोठी जाहिरात होती. पण त्याच काळात लेसिकची लाट आली. लोकांनी रिंगऐवजी लेसर निवडला, आणि इंटॅक्स बनवणारी केराव्हिजन ही कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

दरम्यान फ्रान्समध्ये जोसेफ कोलँ या नेत्रतज्ज्ञांनी हीच रिंग केराटोकोनसच्या रुग्णांमध्ये वापरून पाहिली होती. तिकडे ब्राझीलमध्ये पाउलो फेरारा यांनी १९८० च्या दशकापासून स्वतःची वेगळी रिंग विकसित केली होती. म्हणजे चष्मा घालवण्याच्या बाजारात हरलेली वस्तू एका आजाराच्या उपचारात कामाला आली.

२००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इंटॅक्सला केराटोकोनससाठी परवानगी दिली, पण ती 'मानवतावादी' सवलतीच्या वर्गातली होती. कमी रुग्ण असलेल्या आजारांसाठी हा वर्ग असतो. त्यात उपकरणाचा संभाव्य फायदा जोखमीपेक्षा जास्त आहे एवढं दाखवावं लागतं, परिणामकारकतेचा नेहमीसारखा पूर्ण पुरावा द्यावा लागत नाही. परवानगी कोणासाठी होती, तेही वाचण्यासारखं आहे: चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने पुरेसं दिसत नाही असे रुग्ण, वय २१ च्या पुढे, कॉर्नियाचा मधला भाग स्वच्छ, आणि छेद द्यायच्या जागी जाडी किमान ४५० मायक्रॉन. उद्देश होता कामापुरती नजर परत मिळवणं आणि कॉर्निया बदलण्याचं ऑपरेशन पुढे ढकलणं. चष्मा कायमचा घालवणं हा उद्देश त्यात नव्हता.

रिंग काम कशी करते?

नाव 'रिंग' असलं तरी ती बहुतेक वेळा पूर्ण गोल नसते. बांगडीचा तुकडा म्हणावा तशी कमान असते. एका डोळ्यात एक किंवा दोन तुकडे बसवतात. ते पीएमएमए नावाच्या पारदर्शक ॲक्रिलिकचे असतात. डोळ्याला या पदार्थाची ओळख नवी नाही. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदूनंतर डोळ्यात जी पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती याच पदार्थाची होती.

तुकड्याची जाडी प्रकारानुसार साधारण ०.१५ ते ०.४५ मिलिमीटर असते. तो बुबुळाच्या बरोबर मध्ये न ठेवता कडेला ठेवतात, म्हणजे पाहण्याच्या वाटेत येत नाही.

आता एवढा तुकडा कडेला ठेवल्याने मधला शंकू सपाट कसा होतो?

गणपतीच्या मांडवाचं छत डोळ्यासमोर आणा. पाऊस पडलाय आणि कापडात पाणी साचून मध्ये झोळ आलाय. आता कडेजवळ कापडाच्या वरून एक बांबू आडवा दाबून बसवला तर काय होईल? कापड त्या बांबूला वळसा घालून जाईल. कापडाची थोडी लांबी त्या वळशात खर्च होईल, मधलं कापड ताणलं जाईल आणि झोळ कमी होईल. कापड नवीन झालं नाही, पाण्याचं वजनही तेवढंच आहे. फक्त आकार बदलला.

रिंग हेच करते. कॉर्नियाचे तंतू तिला वळसा घालतात, मधला भाग ताणला जातो आणि सपाट होतो. तुकडा जितका जाड आणि मध्याच्या जितका जवळ, तितका परिणाम जास्त. शंकू एका बाजूला असेल तर एकच तुकडा किंवा दोन वेगवेगळ्या जाडीचे तुकडे बसवून तो शक्य तितका मध्याकडे आणतात. म्हणूनच कोणती रिंग, किती जाड, कुठल्या कोनात, हे प्रत्येक डोळ्याच्या नकाशावरून ठरतं.

ऑपरेशनमध्ये काय होतं?

भूल डोळ्यात थेंब टाकून देतात. सुई नसते, पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. मग कॉर्नियाच्या आत, साधारण ७० ते ८० टक्के खोलीवर, एक वर्तुळाकार बोगदा तयार करतात. पूर्वी तो बारीक हत्याराने कोरत. आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेसर वापरतात, त्याने खोली जास्त अचूक राखता येते. छोट्या छेदातून तुकडा त्या बोगद्यात सरकवतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

नंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात. डोळा चोळायचा नाही, ही सर्वात कडक सूचना. नजर लगेच स्थिर होत नाही. काही आठवडे, कधी काही महिने ती वरखाली होते. सगळं स्थिरावल्यावर पुन्हा नंबर काढतात.

हो, पुन्हा नंबर काढतात. रिंगनंतर बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स लागतेच. बऱ्याच अभ्यासांत कॉर्नियाचा वळसा सरासरी दोन ते चार डायॉप्टरने कमी झालेला दिसतो. त्यामुळे पूर्वी ज्या चष्म्याचा उपयोग होत नव्हता त्याचा उपयोग व्हायला लागतो, किंवा पूर्वी जी लेन्स डोळ्यावर टिकत नव्हती ती नीट बसते. तपासणीच्या तक्त्यावर दोन ओळी जास्त वाचता येणं हे लहान वाटेल. पण त्या दोन ओळींमुळे फळा, बसची पाटी किंवा समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता येत असेल, तर ते लहान नाही. मात्र सरासरी म्हणजे प्रत्येकाला तेवढंच मिळेल असं नाही. काहींना खूप फरक पडतो, काहींना थोडा, काहींना जवळजवळ नाही.

रिंग काय करत नाही?

मांडवाच्या कापडाकडे परत येऊ. बांबू लावल्याने झोळ कमी झाला, पण कापड विरलेलंच आहे. ते आणखी विरत गेलं तर बांबू असूनही पुन्हा झोळ पडेल.

केराटोकोनसमध्ये कापड मजबूत करण्याचं काम दुसराच उपचार करतो. त्याचं नाव कोलॅजन क्रॉसलिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थिओ सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला, आणि रुग्णांवरचे सुरुवातीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी २०१६ मध्ये मिळाली. यात कॉर्नियावर रायबोफ्लेव्हिनचे, म्हणजे जीवनसत्त्व बी-२ चे थेंब टाकून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. मूळ पद्धतीत हा प्रकाश अर्धा तास देतात. त्यातून कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे जोड तयार होतात आणि पडदा ताठ होतो.

क्रॉसलिंकिंगचा मुख्य हेतू आजार आहे तिथे थांबवणं हा आहे. त्यानंतर काहींची नजर थोडी सुधारते, पण तो बोनस समजायचा.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि उत्तरंही दोन:

- आजार वाढतोय का? वाढत असेल तर उत्तर क्रॉसलिंकिंग.
- आत्ता नीट दिसतंय का? दिसत नसेल तर उत्तर चष्मा, लेन्स, आणि त्यांनी भागत नसेल तर काही जणांसाठी रिंग.

गोंधळ इथेच होतो. समजा एका १८ वर्षांच्या मुलाने रिंग बसवली, त्याला बरं दिसायला लागलं आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या तपासण्या बंद झाल्या. आजार मात्र आत चालूच राहिला. दोन-तीन वर्षांनी नजर पुन्हा घसरते, तोपर्यंत कॉर्निया इतका पातळ होऊ शकतो की नेहमीच्या पद्धतीचं क्रॉसलिंकिंग करणं अवघड होतं. कारण त्यासाठी साधारण ४०० मायक्रॉन जाडी शिल्लक असावी लागते.

उलटही होतं. क्रॉसलिंकिंग करूनही चष्मा गेला नाही म्हणून रुग्णाला वाटतं की पैसे पाण्यात गेले. प्रत्यक्षात उपचाराने त्याचं काम केलेलं असतं. म्हणून अनेक रुग्णांमध्ये डॉक्टर दोन्ही उपचार करतात, कधी एकाच दिवशी, कधी काही महिन्यांच्या अंतराने.

कोणाला रिंग बसवता येत नाही?

- कॉर्नियाच्या मध्यभागी डाग किंवा व्रण असेल तर. आकार सुधारला तरी डागातून प्रकाश नीट जात नाही.
- बोगद्याच्या जागी कॉर्निया फार पातळ असेल तर.
- शंकू फारच टोकदार झाला असेल तर. अशा वेळी फायदा कमी आणि त्रास जास्त होण्याची शक्यता असते.
- डोळ्यात संसर्ग असेल, किंवा ॲलर्जी आटोक्यात नसेल आणि डोळे चोळणं चालूच असेल तर.
- चष्म्याने किंवा लेन्सने उत्तम दिसत असेल तर. मग ऑपरेशनची गरजच काय?

आजार फार पुढे गेला असेल तर कॉर्निया बदलण्याचा, म्हणजे प्रत्यारोपणाचा पर्याय उरतो. त्यात आता अनेकदा पूर्ण जाडीऐवजी फक्त पुढचे थर बदलतात.

धोके कोणते?

रिंगचा मोठा फायदा म्हणजे ती काढता येते किंवा बदलता येते. पण "काढता येते" याचा अर्थ "धोका नाही" असा घेऊ नका. जंतुसंसर्ग होऊ शकतो. तुकडा जागेवरून सरकू शकतो. वरचा थर पातळ होऊन तुकडा बाहेर डोकावू शकतो, मग तो काढावाच लागतो. बोगद्याच्या कडेने पांढरे कण साचू शकतात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. आणि रात्री दिव्यांभोवती वलयं किंवा चमक दिसू शकते. अंधारात बाहुली मोठी होते आणि रिंगची कड प्रकाशाच्या वाटेत येते, म्हणून असं होतं. तुमचं काम रात्री गाडी चालवण्याचं असेल तर हे आधीच डॉक्टरांना सांगा.

चेन्नईतून आलेली नवी रिंग

प्लॅस्टिकचा तुकडा शेवटी शरीराला परकाच. तो पातळ कॉर्नियात फार वर बसवला तर बाहेर येण्याची भीती असते. मग तो तुकडा मानवी कॉर्नियाचाच केला तर? चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. सूसन जेकब यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाची कमानीसारखी पट्टी कापून ती रुग्णाच्या कॉर्नियातल्या बोगद्यात सरकवायची. या तंत्राला 'केअर्स' असं लघुनाव मिळालं, आणि त्यावरचा पहिला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आता ते इतर देशांतही वापरलं जातं.

तत्त्व तेच: कडेला भर, मध्ये सपाट. फक्त बांबूऐवजी कापडाचीच घडी. ऊती मानवी असल्याने तुकडा बाहेर येण्याची भीती कमी असते आणि तो तुलनेने वरच्या थरात बसवता येतो. पण हे तंत्र नवं आहे, प्लॅस्टिकच्या रिंगइतका दीर्घकाळचा अनुभव त्यामागे अजून नाही. आणि त्याला दान केलेला कॉर्निया लागतो. घरात कोणी गेल्यावर नेत्रदानाचा फोन करायचा की नाही, असा प्रश्न पडतो तेव्हा हेही आठवायला हवं.

डॉक्टरांना काय विचाराल?

रिंग सुचवली गेली असेल तर घाबरू नका आणि घाईही करू नका. हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. माझा आजार वाढतोय, हे कशावरून? आधीचा आणि आत्ताचा कॉर्नियाचा नकाशा शेजारी ठेवून दाखवाल का?

२. मला क्रॉसलिंकिंगची गरज आहे का? रिंगच्या आधी, नंतर, की सोबत?

३. कडक किंवा स्क्लेरल लेन्स लावून मला किती दिसतं, हे तपासलं का?

४. बोगद्याच्या जागी माझ्या कॉर्नियाची जाडी किती आहे?

५. रिंगनंतर मला चष्मा किंवा लेन्स लागेल का?

६. अपेक्षित फरक पडला नाही तर पुढचा पर्याय काय?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या सगळ्या रिपोर्टच्या प्रती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. हा आजार एका रिपोर्टवरून कळतो, पण तो वाढतोय की नाही हे दोन रिपोर्टमधल्या फरकावरून कळतं. जुना नकाशा हरवला तर तुलना शून्यापासून सुरू होते.

आणि निदान झालंच नसेल तर?

तुमचा किंवा घरातल्या मुलाचा सिलिंडर नंबर दर काही महिन्यांनी बदलत असेल, नव्या चष्म्यानेही अक्षरांना सावली दिसत असेल, किंवा डोळे सतत खाजत असतील, तर फक्त चष्म्याच्या दुकानावर थांबू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन 'कॉर्नियल टोपोग्राफी' करायची का, असं विचारा. यात यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं असतं. काही क्षणांत डोळ्याचा रंगीत नकाशा तयार होतो. दुखत नाही. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला केराटोकोनस असेल तर बाकीच्या भावंडांचीही ही तपासणी करून घ्यावी.

लेसिकचा विचार करत असाल तर ही तपासणी टाळूच नका. लेसिकमध्ये कॉर्नियाचा थर कमी केला जातो. आधीच कमकुवत असलेल्या कॉर्नियावर ते केलं तर आजार उफाळू शकतो.

एक उपाय मात्र आजच सुरू करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत: डोळे चोळणं बंद करा. खाज येत असेल तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी दिलेलेच थेंब वापरा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका, त्यांनी डोळ्याचा दाब वाढून वेगळंच संकट उभं राहू शकतं. आणि लहान मूल मुठीने डोळे रगडताना दिसलं तर नुसतं ओरडू नका. त्याला खाज का सुटते, ते तपासून घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय तुमचा डोळा तपासलेल्या नेत्रतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.)